फक्कीची रेघ

सरळ रेघ मारावी तर माझ्या मामेसासऱ्यांनी, आणि त्या रेघेपायी जगाशी भांडावं तर तेही त्यांनीच! माझ्या बायकोचे हे मामा मूळचे उंब्रजकडचे. सांगलीत पी.टी. शिकवता शिकवता जन्मभर त्यांनी कबड्डीची आणि खोखोची मैदानं आखली. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल-नारळ दिला. यांनी मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची उरलेली पोतीही मागून घेतली. मग घरात रेघांचा नुसता सुळसुळाट झाला. दारात चपलांची रेघ, मोरीत बादलीची, ओट्याखाली मांजराची. मांजर ती रेघ पाळायचं, असं मामी शपथेवर सांगतात. माझा विश्वास नाही. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीसाठी मांडवभर दोऱ्या ताणून फक्की टाकली आणि आमच्या एका धिप्पाड काकांना चारचौघांत सुनावलं, "आवं, मांडी आत घ्या, फाऊल हुतोय!" काका जेवले, पण रुसून. "रेघ मारली की मानूस सुदारतंय," हे मामांचं ठाम मत होतं आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. त्यांची नात सहावीत होती, सायकलनं शाळेत जायची. तो रस्ता साखर कारखान्याकडे जाणारा. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर टेप मोठ्यानं लावून तिथून झुलत जायचे. एका सकाळी ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाचा फटका बसला आणि पोरगी पडली. हात मोडला. प्लास्टर निघालं तरी तिच्या बापानं सायकल माळ्यावरून खाली काढली नाही. त्याची पहाटेची पाळी, आई दवाखान्यात नर्स. सोडायला जाणार कोण? "लोणंदला आजोळी राहून शिकेल," त्यानं जाहीर केलं. पोरीनं जेवण टाकलं. मामा एवढंच म्हणाले, "तिनं का म्हून घर सोडायचं? रस्ता काय उसाच्या बापाचा हाय?"

दुसऱ्या दिवशी उजाडायला मामा रस्त्यावर! घरापासून शाळेपर्यंत दोन्ही कडांना, एक सायकल ऐसपैस जाईल एवढी जागा सोडून त्यांनी फक्की टाकली. आता आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फक्की पडली की त्याचा अर्थ एकच: मंत्री येणार! तासाभरात पानटपरीवाल्यानं बाकडं उचललं, भाजीवाल्या मागं सरकल्या, हवालदार आला आणि ट्रॉलीवाल्यांना मधोमध हाकलू लागला. कोण मंत्री, कुठल्या खात्याचा, कुणी विचारलं नाही. एक कार्यकर्ता तर हार घेऊन दुपारपर्यंत उन्हात उभा! तीन दिवस शाळेची पोरं त्या रेघांच्या आतून ऐटीत गेली आणि मामा हाताची घडी घालून बघत राहिले.

चौथ्या दिवशी बिंग फुटलं. बाकडं परत आलं आणि एका ट्रॉलीचं चाक रेघ तुडवत गेलं. मामांनी ती चाकोरी वाकून पाहिली. जन्मभराचं मत त्यांनी तिथल्या तिथं बदललं. "रेघ मानसाला कळती, चाकाला न्हाई," म्हणाले, आणि हातगाडा घेऊन खाणीकडे निघाले. डोक्याएवढे दगड आणायचे, चुन्यात बुडवायचे, रेघेवर हात-हात अंतरानं बसवायचे. आठ दिवस हाच उद्योग. मी दात काढत म्हणालो, "मामा, आता लोक तुम्हालाच दगड मारतील." ते म्हणाले, "गड्या, दात काय काढतोस? त्यो मोठा उचल."

मी उचलला. तेवढ्यात जीपमधून बांधकाम खात्याचे एक साहेब उतरले. "कुणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

"मंत्र्यासाठी रस्ता मोकळा करता, तवा कुनाला इचारता?" मामांनी कंबर सरळ केली. "तीन दिस मोकळा ऱ्हायला की न्हाई? म्हंजी जमतंय! मग पोरींसाठी का जमत न्हाई?"

चुन्यानं पांढरे झालेले मामांचे हात साहेबांनी पाहिले. "राहू द्या तूर्त," म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी पोरीच्या बापानं सायकल खाली काढली, हवा भरली. सकाळी दगडांच्या आतून पोरगी निघाली, मागं तिची आई सायकलला डबा लावून दवाखान्याला, आणि आठवड्याभरात कॅरिअरवर लेकरं बसवलेल्या कितीतरी बाया. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

चार वर्षं ते दगड टिकले. नात दहावी पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला घेतला. दगड ट्रॉलीत भरून नेले, त्या जागी गाड्या लागू लागल्या. मामा तेव्हा काठी टेकत चालायचे. मी समजूत घातली, "जाऊ द्या मामा. आपली पोरगी शिकली, आपलं काम झालं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून विसरत नाही. "आरं, मागनं येनारी पोरं हायत की," म्हणाले आणि काठी आपटत एकटेच कचेरीकडे अर्ज द्यायला निघाले. त्यानंतर ते वारेपर्यंत किती खेपा घातल्या, मामींनाच ठाऊक. मी जाणार होतो बरोबर. उद्या जाऊ, परवा जाऊ करत एकदाही गेलो नाही.