काढलेला कडूपणा

आमच्या घरात जेवणाला नावं ठेवायचं काम सासऱ्यांचं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. पहिलं ताट त्यांचं, पहिला घास त्यांचा आणि पहिली शिवीही त्यांचीच. "आगं, मिठाची खाण सापडली का काय तुला?" "ही आमटी हाय का कॅनॉलचं पाणी?" लग्न होऊन आले तेव्हापासून मी दाराआड उभी राहून हे ऐकत आले. मोठ्यांच्या आधी चाखायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, शिस्त राहिली. त्यामुळे मी जन्मभर स्वयंपाक केला तो अंदाजानं. चाखायला आबांची जीभ आणि ऐकायला माझे कान. माझ्या जिभेला काही काम नव्हतं. बोलण्याच्या कामी तर ती कधीच आली नाही, आणि चाखण्याच्याही नाही. नुसती बसून खायची.

मागच्या उन्हाळ्यात आबा तापानं पडले. भिगवणच्या दवाखान्यातून घरी आले ते ताप तिथंच ठेवून, पण तोंडाची चवही तिथंच ठेवून. पहिल्या दिवशी ताट वाढलं आणि दाराआड उभी राहिले. आबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"चव न्हाय."

"कशाला न्हाय, आबा?" जाऊबाईंनी विचारलं. त्या माझ्या धाकट्या जाऊ, पण बोलण्यात थोरल्या.

"कशालाच न्हाय. माती चावल्यागत लागतंय."

एवढंच. शिवी नाही की टोमणा नाही. असं आबा कधी बोलले नव्हते, म्हणून मला धडकी भरली. मग रोज तेच चाललं. दोन घास आणि "चव न्हाय". डॉक्टर म्हणाले होते, आता औषध संपलं, खाणं हेच औषध. पण आबा खाईनात. त्यांच्या हातातलं चांदीचं कडं मनगटावरून घसरायला लागलं आणि हात वर केला की थेट कोपरापर्यंत जायला लागलं. मी ताट बघायचं सोडून त्या कड्याकडेच बघायला लागले.

मी काय काय केलं नाही! मीठ वाढवलं, तिखट वाढवलं, चिंच ओतली. आबांच्या जिभेला काहीच कळलं नाही. एकदा जाऊबाई पाण्याचा तांब्या तोंडाला लावून म्हणाल्या, "ताई, आबांला चव न्हाय ठीक हाय. पर आमाला हाय की. आमचा काय गुन्हा?"

माझी मुलगी बारामतीला नोकरी करते, काचेच्या भांड्यांत रोपं वाढवतात तिथं. तिनं मला एकदा समजावलं होतं की काकडी कडू निघणार का गोड, हे बियातच लिहिलेलं असतं. "आता ते लिहिलेलं बदलता येतं, आई. एवढासा शब्द खोडायचा, की काकडी कडू होतच न्हाय." मी चौथीपर्यंत शिकले, आणि त्या चार वर्षांत लिहिण्यापेक्षा थुंकी लावून पाटी पुसण्याचंच काम जास्त केलं. म्हटलं, असं असेल तर ही नोकरी मलाही जमली असती.

पावसाळ्यात तिचा फोन आला. त्यांच्या साहेबांना काकड्या चाखायला घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका हव्या होत्या. "आई, तू ये. तुझ्याएवढा स्वयंपाक कुणी केलाय?" स्वयंपाक केला होता, चाखला कुठं होता? पण मी हो म्हणाले, कारण माझ्या मनात वेगळंच होतं. चव बदलणारा माणूस प्रत्यक्ष भेटणार होता. त्याला विचारायचं, साहेब, आमच्या आबांना लागेल अशी चव कशात घालून मिळेल का?

इंदापूरहून एसटीत बसले तेव्हापासून तेवढं एक वाक्य घोकत होते. शेजारच्या म्हातारीनं माझे हलणारे ओठ बघितले आणि हात जोडून विचारलं, "कुणाचा जप म्हणायचा ह्यो?" मी लाजून खिडकीकडे तोंड केलं आणि निम्मं वाक्य विसरले.

तिथं मोठ्या खोलीत आम्हा बायकांना टेबलांपुढे बसवलं. प्रत्येकीपुढे वेगवेगळ्या ताटल्यांत काकड्या आणि एक सुरी. साहेब पोरगेलेसे होते, बोलायला गोड. म्हणाले, "घरी जशी चिरता तशीच चिरा." मी तशीच चिरायला घेतली. म्हणजे देठाकडची चकती कापली आणि ती काकडीवर गोल गोल चोळायला लागले. कडूपणा असा फेस होऊन बाहेर येतो, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं. माझे हात तर झोपेतही चोळतील. बाकीच्या बायका मात्र शहाण्या. साहेबांसमोर कुणीच चोळत नव्हती. सगळ्या खोलीत माझाच कुई कुई आवाज.

साहेब जवळ आले. "मावशी, काय करताय?"

"कडू काढते."

"अहो, ह्यात कडू नाहीच. आम्ही तो आधीच काढलाय."

बायका हसल्या. मी इतकी गोंधळले की घोकलेलं वाक्य गेलं आणि तोंडातून भलतंच आलं. "काढून ठिवला कुठं?"

खोली हसली. साहेबही हसले, पण त्यांनी नीट सांगितलं. तो काढून ठेवायचा नसतो, झाड तो तयारच करत नाही. ह्या काकड्या जुन्या पद्धतीच्या, कमी कडू वेल निवडत निवडत केलेल्या. बियातलं लिहिलेलं बदलून केलेली रोपं अजून काचेतच आहेत, ती कुणाला खायला देत नाहीत. पण पुढं काय बदलायचं हे ठरवायला लोकांना कसली चव आवडते ते कळायला हवं, म्हणून तुम्हाला बोलावलं. मग त्यांनी विचारलं, "ही कशी वाटली?"

"छान."

"आणि ही?"

"छान."

सगळ्याच छान. कुणाच्या तोंडावर वाईट म्हणायची मला सवय नाही, मग ती काकडी का असेना. शेवटी साहेबांनी चूळ भरायला पाण्याचा ग्लास दिला. मी प्याले आणि त्यालाही छान म्हणाले.

स्टँडवर सोडायला आलेल्या मुलीनं विचारलं, "आबांचं विचारलंस का?"

"न्हाय."

ती मला हसली नाही. म्हणाली, "आई, आमी झाडाची चव बदलतो. माणसाची जीभ आमच्या हातात न्हाय." आणि पिशवीत त्याच काकड्या आणि त्यांच्या बियांची पुडी घातली.

घरी येताना मी एक गोष्ट पक्की केली. पुन्हा म्हणून देठ चोळायचा नाही. जाऊबाईंना ऐटीत सांगितलं, "आता चोळत न्हायत. आता बियातच काढत्यात." त्यांनी भुवया वर केल्या, पण बारामतीहून आलेलं ज्ञान म्हणून गप्प राहिल्या.

आणलेल्या काकड्यांची कोशिंबीर आबांपुढे गेली. "चव न्हाय." कडं आता कोपराच्याही वर चढत होतं.

मग एके दिवशी पिशवीतल्या काकड्या संपल्या. जाऊबाईंनी बांधावरच्या वेलाची एक काकडी तोडून चुलीपाशी ठेवली. तो वेल कुणी लावलेला नाही, उकिरड्याच्या खतातून आपोआप उगवलेला. मला ते माहीत नव्हतं, वाटलं पिशवीतलीच एखादी उरलेली. चोळली नाही, चाखायचा तर प्रश्नच नव्हता. दही, दाण्याचं कूट, मीठ घातलं, वाढलं आणि दाराआड उभी राहिले.

"थूः!"

मी दचकले.

"आगं ए! जीव घेतीस का म्हाताऱ्याचा? जहर हाय हे, जहर! देठ चोळाया हात मोडलं व्हतं का तुझं?"

जाऊबाई धावत आल्या. "काय झालं, आबा?"

"काय झालं काय? कडू हाय, कडू!"

"कडू लागलं तुमाला?"

आबा थांबले. त्यांची जीभ तोंडातल्या तोंडात फिरताना गालावरून दिसत होती. "लागलं की," ते हळूच म्हणाले. मग ओरडले, "बगत काय ऱ्हायलाय? गूळ आना!"

गूळ खाल्ला. तो गोड लागतोय का, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. तोंडाचा कडूपणा जाईना म्हणून आबांनी भाकरी आमटीत बुडवली, घास घेतला आणि दाराकडे बघितलं. "आन ह्या आमटीत मीठ किती घातलंयस? कवापास्नं असं करतीस?"

"लई दिवसांपास्नं," जाऊबाई म्हणाल्या. "सांगा तिला तुमीच. आमी दमलो."

मी दाराआड पदराचा बोळा तोंडात घालून उभी होते. रडत होते का हसत होते, मला सांगता येणार नाही. आबांनी ती अर्धी भाकरी मला शिव्या देत संपवली.

मुलीला फोन केला तर ती रागावली. इतकी कडू काकडी खायची नसते, पोट बिघडतं, उरलेली फेकून दे. आणि चव हळूहळू यायचीच होती, काकडीनं आणली असं गावभर सांगत फिरू नकोस. मी सांगत नाही. माझ्याच्यानं गावभर काही सांगवत नाही. ते काम जाऊबाई करतात. त्या सांगतात, "आमच्या ताई बारामतीला शिकून आल्या आन् आल्या आल्या सासऱ्याला विष घातलं."

पुडीतल्या बिया मी ठिबकच्या कडेला लावल्या होत्या. ऑक्टोबरच्या उन्हात त्यांच्या काकड्या आल्या. पहिली चिरली ती देठ चोळून. मी आता कुणाचं ऐकत नाही. आबांनी फोड तोंडात टाकली, चावली आणि म्हणाले, "चव न्हाय."

माझ्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. आधी कड्याकडे बघितलं. ते मनगटावर होतं. तरी राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दाराआडून बाहेर आले आणि सासऱ्यांच्या तोंडावर बोलले. "आबा, आमटी बगा. चटणी बगा. ती तरी लागतीया का?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू घरात नवीनच कुणी बाई आली आहे. मग एकेक पदार्थ बोटानं चाटला. "आमटी खारट. चटणीत लसूण कच्चा. भाकर करपल्याली." बोट पुसलं. "माझी जीभ बरी हाय गं. काकडीच आशी हाय. नुसतं पानी."

आणि ताट पुढे केलं. "अजून एक चिर. उनाची गार वाटती."

मी तिथंच बसून दुसरी काकडी घेतली, देठ कापला.

"आन चोळत काय बसलीस?" आबा म्हणाले. "ह्यात हाय काय काढाया?"