शब्बीरचाचांची पक्कड

आखाडा बाळापूरच्या बाजारात बॅटऱ्यांचं दुकान चालवणारे शब्बीरचाचा गिऱ्हाइकाला ‘बसा’ म्हणत नसत. ‘चार्जर दाखवा’ म्हणत. मग डोळ्याला भिंग लावून चार्जरवरची बारीक अक्षरं वाचत. बॅटरीशी जमलं नाही की पक्कड उचलून वायर कटकन तोडून टाकत. गिऱ्हाइकाच्या चार्जरची, गिऱ्हाइकाच्याच देखत!

“अवो चाचा, पिन तर बराबर बसून राहिली ना!”

“पिन बसली म्हंजी जोडी जमली व्हय?” चाचा म्हणत. “फवारणीच्या पंपातली जुनी बॅटरी म्हंजी म्हैस. चार घोट जास्तीचं बी पचवती. ही नवी लिथियमची म्हंजी लेकरू. पोट भरल्यावर बी पाजून राहिले, तर फुगंल, फुटंल.”

आता असा माणूस समोर असताना मी गप्प बसेन? समोरच्या हॉटेलात मी चाचांची नक्कल करायचो. पाण्याच्या ग्लासाचं भिंग, चुलीवरच्या चिमट्याची पक्कड! लोक पोट धरून हसत. पहिल्यांदा चाचाही हसले. पुढे मात्र दुकानात येणारा जो तो चार्जर पाठीमागे लपवून म्हणू लागला, “चाचा, कापू नका, गरीब हाय!” चाचांचं हसू आटत गेलं.

एका दुपारी तांड्यावरचा गुलाब पंप घेऊन आला. आत नवी लिथियमची बॅटरी, हातात जुन्या बॅटरीचा चार्जर. चाचांनी पक्कड उचलली. मी हॉटेलातून ओरडलो, “गुलाब, पळ! ऑपरेशन सुरू झालं!”

अख्खी गल्ली हसली. चाचांनी पक्कड हळूच खाली ठेवली. “ह्यो लावू नको, भाऊ,” एवढंच म्हणून चार्जर परत दिला.

गुलाबनं तोच लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पेटली. विझवताना त्याच्या बायकोचे दोन्ही हात भाजले.

तांडा दुकानावर आला. एरवी चार्जर वाचवायला भांडणारी माणसं आता विचारत होती, “चाचा, वायर काहून कापली न्हाई?”

“भ्यालो.”

“कोणाला?”

मी पायरीशीच उभा होतो. चाचांनी मान वर केली नाही, माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

त्यानंतर दुकान उघडलं नाही. त्या भाजलेल्या हातांचा विषय निघाला की हॉटेलात अजूनही चाचांनाच शिव्या पडतात. मी चहा पीत ऐकतो.