आबा फरशीच्या सांध्यावरून चालले

आज माझ्या हातून जे झालं, ते कुणाला तरी सांगायचंय.

सकाळी माझ्या वडिलांना, आबांना, चूळ भरताना गरगरलं. दोनदा उलटी झाली. पलूसहून गाडी करून सांगलीला नेलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक कानाचं असेल. पण वय आणि बीपी बघता मेंदूचा एमआरआय करून घ्या. मागच्या बाजूला छोटी गुठळी असली, तर नुसतं तपासून खात्री देता येत नाही."

मी खर्च विचारला. नऊ हजार. आबांनी ऐकलं.

आबा गवंडी. जन्म अर्धवट भिंतींवरून चालण्यात गेला. ते कॉटवरून उतरले, फरशीच्या सांध्यावर पाऊल ठेवलं आणि त्याच रेषेवरून दारापर्यंत जाऊन परत आले. "आवं बाई, मी बरा हाय. कानाची गोळी द्या फकस्त."

डॉक्टरबाईंनी परत समजावलं. शेवटी 'आमच्या जबाबदारीवर नेत आहोत' या कागदावर मी सही केली.

त्या रेषेवरून चालताना आबांची बोटं भिंतीला घासत होती. डॉक्टरबाई लिहीत होत्या, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. मी गप्प राहिले, कारण नऊ हजार माझ्याकडेही नव्हते.

आता ते घरी, पुढच्या सोप्यात बसलेत, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून. मी सारखी विचारतेय. मान न हलवता म्हणतात, "बरा हाय गं."

अशी सही तुमच्यापैकी कुणी केलीय का? केली असेल तर तेवढंच लिहा. पुढं काय झालं, ते मात्र सांगू नका.