तिच्या नावाची ओळ

आमचा प्रोग्राम जुन्या सर्व्हरवरून गिट नावाच्या नव्या व्यवस्थेवर हलवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. ओतूरच्या कॉलेजात असताना आम्ही तिघांनी तो सुरू केला होता. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची, किती वाजता, हे शेतकऱ्याला मोबाईलवर सांगणारा. तिघांचे सगळे बदल, कुणी काय बदललं त्या नोंदीसह, त्या एकाच सर्व्हरवर जमा होत. गिटवर नेलं की ज्याच्या त्याच्याकडे इतिहासासकट पूर्ण प्रत राहणार होती.

त्याआधी एक यादी करावी लागते. जुन्या नोंदींत प्रत्येकाचं छोटं लॉगिन असतं, त्यापुढे खरं नाव आणि ईमेल लिहायचा. एक ओळ राहिली तरी काम तिथंच अडतं.

म्हणून पिंपळवंडीच्या घरी, वरच्या खोलीत, मी पहिल्यापासून नोंदी वाचायला बसलो. खाली कांद्यात स्प्रिंकलर फिरत होते. त्या चुकचुक आवाजानं डोळे जड होत होते. 'लाईट गेली, अर्धवट ठेवतोय.' 'उद्या पेपर, नंतर बघू.' नोंदी सरकत राहिल्या आणि मीही त्यांच्याबरोबर कुठं कुठं तरंगत गेलो. लॅबची निळी भिंत, पंख्याखाली फडफडणारे कागद, आणि खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत गणित करणारी ती. आमच्यातली तिसरी. आंबेगावच्या डोंगरातून शिकायला आलेली.

तिची एक नोंद आली: 'शेवटच्या शेतांपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, तो धरला.' लगेच खाली माझी: 'उगाच गुंतागुंत. काढलं.' तिला न विचारता काढलं होतं. त्यानंतर तिची एकही नोंद नव्हती. वर्षभरानं कालव्याच्या शेवटाकडचे शेतकरी ओरडले, तेव्हा मी तेच पुन्हा घातलं होतं. माझ्या नावानं.

झोप पार उडाली. पुण्यातल्या मित्राला, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्याला, फोन केला. तिचा ईमेल त्याच्याकडेही नव्हता.

"काहीही टाक ना राव," तो म्हणाला. "कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली आणि तिच्या डोंगराकडे निघालो. घोडेगाव मागं पडलं, तसं धरणाच्या पाण्यावर धुकं दिसू लागलं. रस्ता त्यात शिरायचा, बाहेर यायचा. आपण सात वर्षं मागं चाललोय असं वाटत होतं.

विचारत विचारत तिच्या सासरी पोचलो. ती खळ्यावर होती, भात झोडत. मला बघून तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"पावणं, वाट चुकलं काय?"

मी यादीचं सांगितलं. मग ती जुनी नोंद, आणि माझी. "तुझं बरोबर होतं. मी काढलं, आणि नंतर माझं म्हणून घातलं."

ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. कालव्याकडच्या चुलतभावाच्या मोबाईलवर, पाळीच्या वेळंत ते परत आल्यालं दिसलं व्हतं मला."

"मग फोन का नाही केलास?"

"तू का न्हाई केलास?"

तिनं पदरानं हात पुसले आणि माझा फोन मागितला. सासरचं नाव घालायचं की माहेरचं, यावर क्षणभर थबकली. मग माहेरचं टाइप केलं. "तवा मी तीच व्हते," म्हणाली. पुढे ईमेल लिहिला.

"मी ते पुन्हा घातलं, त्या नोंदीवरचं माझं नाव पुसून तुझं करू?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. झालं ते झालं तसंच दिसू दे."

चहा झाला. निघताना तिनं अर्धी पिशवी नवा तांदूळ दिला.

त्या दुपारी काम न अडता पूर्ण झालं. मी नव्या जागेचा पत्ता दोघांनाही पाठवला. आठवड्यानं तिचा फोन आला. घरी जुना लॅपटॉप होता, त्यावर तिनं सगळा प्रोग्राम उतरवून घेतला होता.

"मला बी एक बदल करून बघायचाय. ह्यात ब्रँच, फांदी म्हंजे काय असतं रं? सांग बरं नीट."

मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि सांगायला लागलो.