शब्द अडले, गिअरबाई नाही

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे तिला गिअरबाई म्हणत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "अरे गाढवा, क्लच!" हा तर पाठच. गाडी पेट्रोलवर नाही, हिच्या धाकावर चालते, असं नवरा म्हणे.

एका सकाळी चहा गाळता गाळता तिचा उजवा हात लुळा पडला. हाक मारायला गेली, तर नुसता घोगरा आवाज. दवाखान्यात बऱ्याच दिवसांनी पहिला स्पष्ट शब्द फुटला, तोही डॉक्टरीणबाईंना पाहून, "गाढवा!"

नवरा शरमेनं अर्धा झाला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा झालीय. वाक्य जुळवायला तोच भाग लागतो. यांना बहुतेक सगळं समजतंय, बोलणं बाहेर पडत नाही. तोंडात बसलेले शब्द तेवढे निसटतात."

घरी आल्यावर तिच्या वाटचं नवराच बोलू लागला. माया होती, पण तिचा जीव गुदमरे. तिनं "गाडी..." म्हणायचा अवकाश, की तो म्हणे, "हो गं, विकून टाकू." नणंदेसमोर तसंच झालं, तेव्हा तिनं डाव्या हातानं त्याचं तोंडच दाबलं.

"गाडी... मी... शिक..." ती घामाघूम झाली. "शिकव...णार!"

"दादा," नणंद म्हणाली, "आता तू गप्प बस."

मग ती हट्टालाच पेटली. बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे जायचं, घरी येऊन घोकायचं. वस्तूंची नावं लवकर आली; क्रियापदं हुलकावणी देत. "दार..." पुढं उघडायचं की लावायचं, हे डोक्यात लख्ख, जिभेवर काही नाही. एकदा चिडून तिनं पेला भिरकावला. सांडलेलं पाणी स्वतःच पुसलं आणि पुन्हा बसली.

वर्ष सरलं. हात अजून साथ देईना, म्हणून स्कूलच्या मालकांनी तिला गाडीऐवजी वर्ग दिला. फळ्यावर चौक काढून शिकवायचं. पहिल्याच दिवशी ती "डावीकडे..." वर अडकली. पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मदतीला धावले, "वळायचं, ना?"

तिनं हात वर केला. वर्ग ताटकळला. कुणाची तरी खुर्ची करकरली. तिनं डोळे मिटून घेतले, उघडले.

"वळू... नका," ती म्हणाली. "आधी... आरसा... बघा."

गृहस्थ ओशाळले. तिनं खडू उचलला आणि डाव्या हातानं, वेडावाकडा, दुसरा चौक काढायला घेतला.