दुधाळ रक्त

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे लवंगी म्हणत. अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की समोरच्याची बोलती बंद. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या आणि वर जमलेलं पिवळसर पाणी तपासायचं, हे तिचं काम. मी शेजारच्या टेबलावर होतो.

तिचा धाकटा भाऊ इमारतींना रंग द्यायचा. हातपाय काडीसारखे, पोट मात्र माठासारखं टणक. वजन उंचीच्या मानाने ठीक, म्हणून डॉक्टर म्हणायचे, "तुला काय धाड भरलीय?"

त्याचं रक्त दोनदा आमच्याकडे आलं. दोन्ही वेळा वरचं पाणी दुधासारखं पांढरं. प्रयोगशाळेच्या साहेबांचा नियम होता : अशी नळी फेकायची आणि शेरा मारायचा, 'रुग्ण खाऊन आला आहे.' दुसऱ्या वेळचा शेरा तिनेच मारला.

घरी तिने त्याला फैलावर घेतलं. "उपाशी राहायला सांगितलं होतं ना? वर माझ्यासमोर खोटं बोलतोस?"

"ताई, रात्रीपासून घासभरही खाल्लं नव्हतं गं."

तिने ऐकलं नाही. आठवड्याने तो परांचीवरच पोट धरून कोसळला. रक्तातली चरबी इतकी वाढली होती की स्वादुपिंड सुजलं. नऊ दिवस तो दवाखान्यात तळमळत होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई याच आजाराचा अभ्यास करत होत्या. तो सावरल्यावर त्यांनी पोटाचा स्कॅन काढला, एक इंजेक्शन देऊन दहा मिनिटांनी रक्त घेतलं. मग लवंगीला बोलावून चित्र दाखवलं. कातडीखाली चरबी जेमतेम, आतड्यांभोवती मात्र थरच्या थर.

"रक्तातली चरबी फोडणारं एक एन्झाइम असतं. त्या इंजेक्शनने ते रक्तात उतरतं, मग मोजता येतं. याच्यात ते फार कमी आहे," बाई म्हणाल्या. "पोटात आत चरबी साठलेल्यांमध्ये ते बऱ्याचदा कमी सापडतं. आधी एन्झाइम कमी झालं की आधी चरबी साठली, ते मला ठामपणे सांगता येणार नाही."

"म्हणजे तो खरंच उपाशी होता?"

"उपाशी राहूनही याचं रक्त असंच येणार."

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. दोन्ही रिपोर्ट टेबलावर आपटले. साहेबांनी मानही वर केली नाही. "नियम तूही पाळलास."

"पाळला. त्याचीच लाज वाटतेय. यापुढे एकही दुधाळ नळी फेकणार नाही. कामावरून काढायचं तर काढा."

काढलं नाही, पण रक्त घेण्याच्या खिडकीवर बसवलं. तिथून ती रोज आत यायची, दुधाळ नळ्या शोधायची आणि त्या त्या डॉक्टरांना स्वतः फोन करायची. पुढे आम्हीही करू लागलो. सहा महिन्यांत असे आणखी चार जण सापडले. नियम गुपचूप बदलला. माफी कुणीच मागितली नाही.

भाऊ औषधांनी आणि पथ्याने सुधारला, पुन्हा कामावर गेला. एकदा तिने विचारलंच, "अजून राग आहे माझ्यावर?"

"आहे," तो म्हणाला. "साहेबांना मी ओळखत नव्हतो, ताई. तुला ओळखत होतो."

हे मला सांगता सांगता तिने पुढची दुधाळ नळी उचलली आणि फोन लावला.