लखूमिस्त्रींचं चाकवालं जहाज

लखूमिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी वाकून बाजेखाली बघायचे आणि मगच टेकायचे. बाजेवर कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवायचे. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांच्या घरात आडवं होऊन त्यांनी बाजेचे पाय तपासले होते. तरीही लग्न जमलं, हे त्या व्याह्यांचं मोठेपण. "वरून समदंच चांगलं दिसतं, मास्तर. खालून कसंय ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

मी तीर्थपुरीला शाळामास्तर होतो, ते निजामाच्या राज्यातले दिवस. मिस्त्री बैलगाड्या करत. लाकडी चाक त्यांचं आणि त्यावर बसवायची लोखंडी धाव शेजारच्या कासम लोहाराची. वीस वर्षं दोघांचं एकमेकांशिवाय पान हललं नव्हतं आणि भांडणावाचून एक दिवस गेला नव्हता.

कासमभाईंनी हजला जायचं ठरवलं. सगळी जुळवाजुळव झाली आणि त्यांची म्हातारी आई चाँदबी आडवी आली. "लकडी के डब्बे में बैठ के दर्या पे? नक्को!" आईच्या परवानगीशिवाय कासमभाई उंबरा ओलांडणारे नव्हते. ते विझलेल्या भट्टीपुढे नुसते बसून राहू लागले. मिस्त्रींना भांडायला माणूस उरला नाही.

शेवटी मिस्त्री म्हातारीकडे गेले. "चाची, मी जहाज करून दाखवतो. तुमच्यासमोर हौदात सोडतो. तरलं तर कासमला जाऊ द्या."

"बराबर," चाँदबी म्हणाली. "पर उलट गया तो फिर बात नक्को."

आता गावात जहाज पाहिलेला माणूस एकही नव्हता. मी शिकलेला, म्हणून मिस्त्री माझ्याकडे आले. मी तरी समुद्र नकाशातच पाहिलेला; पण ते कबूल कोण करतो? मी त्यांना आगपेटीवरचं जहाजाचं चित्र दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"पाण्याच्या खाली काय हाय, मास्तर?"

"ते चित्रात नाही."

"मंग तेच तर पाह्यजे ना!"

गाडी डोळे मिटून करणारा तो माणूस, पण बाभळीचा ओंडका कोरताना अगदी नवशिका झाला. पहिलं जहाज गव्हाणीसारखं झालं. दुसऱ्याची एक बाजू जाड राहिली. तिसरं जमलं. त्याचं धुराडं बायकोचं लाटणं कापून केलं होतं, त्यामुळे घरात दोन दिवस अबोला होता. आणि जहाजाखाली चार चाकं होती. कासमभाईंनी धाव बसवलेली, रुपयाएवढी.

मला हसू आवरेना. "मिस्त्री, जहाजाला चाकं नसतात."

"तुम्ही खालून पाह्यलंय?"

"नाही, पण—"

"गोदावरीतून गाडी पार होती ती कशावर?"

मी माझी सगळी विद्वत्ता पणाला लावून ती चाकं काढायला लावली. ठरल्या दिवशी सकाळी, म्हातारी यायच्या आधी, आम्ही जहाज हौदात सोडून पाहिलं. ते तत्काळ आडवं झालं आणि लाटणं पाण्यात गेलं. कासमभाई खाली बसले. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गुमान चाकं परत ठोकली. जहाज ताठ उभं राहिलं! तळाला लोखंडाचं वजन आलं म्हणून ते सावरलं, हे मला कळलं. पण मी वाकून हौदातलं लाटणं तेवढं काढून दिलं.

चाँदबी आली. तिनं काठीनं जहाजाला ढोसलं. ते झुकलं, सावरलं. तिनं आणखी दोनदा ढोसलं, जरा रागानंच. मग डोळ्यांना पदर लावून मुलाला म्हणाली, "जा. पर पहिये देख के बैठना."

कासमभाई परत आले तेव्हा सारं गाव जमलं होतं. मिस्त्रींचा पहिला सवाल, "कासम, चाकं होती ना?"

कासमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे. "होती की. पाण्याखाली. धाव बसवलेली."

पुढे कितीतरी वर्षं मिस्त्री माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "हे आमचे मास्तर. ह्यांनी चाकं काढाय लावल्ती." मधे मी मुंबईला जाऊन खरी जहाजं पाहून आलो, पण गप्प राहिलो.

मिस्त्रींच्या शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या सवयीप्रमाणे मीच आधी बाजेखाली वाकून पाहिलं, तर ते हसले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, चाकं नसतात ना?"

मी बाजेच्या कडेला टेकलो.

"मला त्याच दिवशी कळल्तं. कासमला खोटं बोलता येत न्हाई. हजवरून आला अन् पहिलं खोटं माझ्यासाठी बोलला गडी. त्याला सांगू नका, मला माहीत हाय म्हणून. उगा वाईट वाटंल त्याला."

माझे डोळे भरून आले. एवढ्यात कासमभाई औषधाची पुडी घेऊन आत आले आणि उशाशी बसले.

"कासम," मिस्त्री म्हणाले, "त्या जहाजाच्या चाकाची धाव किती जाड होती रे?"

कासमभाईंनी चार बोटं जोडून दाखवली. "इतकी."

"बराबर," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी ती चार बोटं हातात धरून ठेवली.